बीड, पितळ, गनमेटल: संमिश्रांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिवंडीतला जुना साधा यंत्रमाग लोखंडाचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा सांगाडा बिडाचा असतो. बीड म्हणजे लोखंड, २.५ ते ४ टक्के कार्बन आणि १ ते ३ टक्के सिलिकॉन यांचे संमिश्र.

मिसळ आली की धातूचा कस गेला, हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, तर बीड साधारण ११५० ते १२०० अंशांनाच. त्यामुळे ते वाळूच्या साच्यात सहज ओतता येते. बीड सावकाश निवले की बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. हे पापुद्रे कंपने शोषतात. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा फेकणाऱ्या मागाला याहून सोयीचे द्रव्य मिळणे कठीण. झटकन निवले तर मात्र कार्बन लोखंडाशी संयोग पावतो आणि पांढरे, कठीण, फार ठिसूळ बीड तयार होते. घटक तेच, पण निवण्याच्या वेगाने गुण पालटतात.

संमिश्र नेहमी समांगी असते, हेही खरे नाही. मिठाचे पाणी समांगी असते, ताण्याला लावायची शिजवलेली खळ कलिल असते आणि पॉलिएस्टर-कापसाचे मिश्र सूत विषमांगी. संमिश्रांत समांगी आणि विषमांगी असे दोन्ही प्रकार आढळतात: कमी जस्ताचे पितळ समांगी असते, तर बिडातले ग्रॅफाइट सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसते. पितळ संयुगही नव्हे. त्याला ठरलेले रासायनिक सूत्र नाही, जस्ताचे प्रमाण गरजेप्रमाणे कमीजास्त करता येते.

धातू एकत्र वितळवून ढवळले की काम झाले, असाही समज आहे. तांबे १०८५ अंशांना वितळते, जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळून वाफ होते. म्हणून पितळ करताना आधी तांबे वितळवतात, जस्त शेवटी घालतात आणि उडून जाणाऱ्या वाफेचा हिशेब धरून ते थोडे जास्तच घेतात.

संमिश्राचे गुण घटकांच्या सरासरीइतके असतात, हा समज डाखाच्या उदाहरणाने मोडतो. कथील २३२ अंशांना आणि शिसे ३२७ अंशांना वितळते, पण ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचा डाख १८३ अंशांनाच वितळतो. तांबे आणि कथील दोन्ही तुलनेने मऊ, तरी ८८ टक्के तांबे, १० टक्के कथील आणि २ टक्के जस्ताचे गनमेटल झिजेला चिवट असते. यंत्रांचे बुश त्याचे करतात ते यासाठीच.

स्टेनलेस स्टील कधीच गंजत नाही, हेही अर्धसत्य. त्यातले किमान १०.५ टक्के क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरते. खारट दमट हवेतले क्लोराइड हा थर जागोजागी भेदते आणि तिथे बारीक खड्डे पडतात.

एकदा मिसळलेले धातू वाया जातात, ही समजूतही चुकीची आहे. भंगारातले बीड क्युपोला भट्टीत कोक आणि चुनखडीबरोबर पुन्हा वितळवतात आणि कार्बन-सिलिकॉनचे प्रमाण जुळवून नवे ओतकाम करतात. भंगारातले तांबे विद्युत-अपघटनाने ९९.९ टक्क्यांहून अधिक शुद्ध करता येते.