जुनी मोटारसायकल आणि तपासणीचा दाखला

परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दाखला हातांत पडला म्हणजे त्या विषयाचें ज्ञान झालेंच, असें आपणांपैकीं कोणीहि मानीत नाहीं. ठराविक दिवशीं ठराविक प्रश्नांचीं उत्तरें देतां आलीं, एवढेंच तो दाखला सांगतो. यंत्राच्या बाबतींत मात्र हा विवेक आपण सहज विसरतों. जुनी मोटारसायकल विकावयास काढणारा मनुष्य सरकारी तपासणीचा ताजा कागद पुढें करतो आणि घेणारा निश्चिंत होतो. त्या कागदावर भिस्त किती ठेवावी, याचा आज विचार करूं. उदाहरण ब्रिटनचें घेऊं. कारण तेथें ही तपासणी साठांहून अधिक वर्षें चालू आहे आणि तिचे नियम व नोंदी कोणासहि पाहतां येतात.

१९६० सालीं दहा वर्षें वा अधिक जुन्या वाहनांस तेथें ही तपासणी सक्तीची झाली. आरंभीं ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढ्यापुरतीच ती मर्यादित होती. १९६१ मध्यें वयाची अट सात वर्षांवर आणि १९६७ मध्यें तीन वर्षांवर आली. त्या वेळच्या वाहतूक खात्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला 'एम्. ओ. टी.' म्हणूं लागले. तें नांव अद्याप रूढ आहे. मोटारसायकल तीन वर्षांची झाली कीं दरवर्षीं तिला या कसोटीस उतरावें लागतें.

कसोटींतील कांहीं भाग निव्वळ मापाचा आहे. टायरवरील नक्षीची खोली, लहान इंजिनाच्या गाड्या वगळल्या तर, किमान १ मिलिमीटर हवी. दोन ब्रेकांपैकीं एकाची कार्यक्षमता निदान ३० टक्के आणि दुसऱ्याची २५ टक्के भरली पाहिजे. कांहीं भाग हाताच्या अनुभवाचा आहे. पुढचें चाक उचलून हँडल दोन्ही बाजूंस फिरविलें असतां तें मध्येंच अडकल्यासारखें झालें, तर आंतील बेअरिंग झिजलें असें जाणकार ओळखतो. जें मोजतां येतें त्यावर दोन तपासनिसांचें सहसा एकमत होतें. जें हातानें किंवा डोळ्यानें अजमावावयाचें, तेथें मतभेदास जागा राहते. या सर्व गोष्टींपुरता दाखला विश्वसनीय मानावयास हरकत नाहीं.

आतां त्याच्या मर्यादा पाहूं. यासाठीं दूरच्या प्रवासाकरितांच बांधलेली एक जुनी गाडी डोळ्यांपुढें आणूं. होंडा कंपनीची 'एस्. टी. ११००' ही १९९० सालीं बाजारांत आली. युरोपांत तिला 'पॅन-युरोपियन' म्हणत. चार सिलिंडरांचें १०८४ घनसेंटिमीटरचें इंजिन, २८ लिटरांची टाकी, साखळीऐवजीं दांड्यानें फिरणारें मागचें चाक, आणि स्वारास वाऱ्यापावसापासून राखणारें मोठें आच्छादन, हे तिचे विशेष होत. टाकी भरली कीं तिचें वजन तीनशे किलोंच्या वर जातें.

पहिली अडचण त्या आच्छादनाचीच. तपासनिसानें गाडीचा कोणताहि भाग सोडवावयाचा नाहीं, असा नियम आहे. त्यामुळें आच्छादनामागें जें असेल तें त्याच्या दृष्टिआडच राहतें. साखळी सैल झाली तर ती उघड्यावर दिसते. परंतु दांडा नळीच्या पोटांत असतो, आणि त्याच्या टोकावरील खांचा झिजल्या आहेत कीं नाहींत, हें चाक उतरविल्यावांचून कळत नाहीं. इंजिन, क्लच व गिअरपेटी यांची अंतर्गत स्थिति तर या तपासणीच्या कक्षेबाहेरचीच.

दुसरी अडचण गंजाची. हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून तेथील रस्त्यांवर मीठ टाकतात. मागचें चाक धरून ठेवणारी पोलादी भुजा या मिठानें गंजते, ही या गाडीच्या जुन्या मालकांच्या परिचयाची गोष्ट आहे. गंज नळीच्या आंतून खात असेल, तर वरचा रंग बराच काळ शाबूत दिसतो.

तिसरी अडचण भाराची. ब्रेकाचा हिशोब गाडी व स्वार यांच्या वजनावर होतो. मागें बसणारें माणूस, दोन भरलेल्या पेट्या आणि घाटाचा लांब उतार त्यांत येत नाहींत. ब्रेकाचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. 'डॉट ४' जातीचें नवें तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये. पाणी मुरलेल्या तेलासाठीं हीच मर्यादा १५५ अंशांची आहे. तपासणीच्या जागीं ब्रेक कांहीं क्षणच दाबला जातो, म्हणून जुनें तेलहि तेथें उत्तीर्ण होतें. उतारावर तें उकळलें कीं नळींत वाफ होते, आणि ब्रेकाची दांडी नुसतीच आंत जाते.

मग हा दाखला व्यर्थ म्हणावा काय? मुळींच नव्हे. एका दाखल्यापेक्षां दाखल्यांची मालिका अधिक बोलकी असते, एवढेंच ध्यानांत ठेवावें. ब्रिटनमध्यें २००५ पासूनच्या तपासण्या गाडीच्या क्रमांकावरून संगणकावर विनामूल्य पाहतां येतात. गाडी कधीं नापास झाली, किती मैल चालली, कोणती सूचना मिळाली, हें सर्व तेथें असतें. टायर झिजत आल्याची सूचना लागोपाठ तीन वर्षें दिसली, तर मालकाचा स्वभाव कळतो. एका वर्षीं नापास होऊन त्याच आठवड्यांत दुरुस्तीनंतर पास झालेली गाडी पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. दोष सांपडला आणि काढला गेला, असाच त्याचा अर्थ.

याच देशांत मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनांस ही तपासणी माफ झाली आहे. गाडी सुस्थितींत राखण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र मालकावर कायम आहे. १९९० च्या 'पॅन-युरोपियन' गाड्यांस २०३० सालीं चाळीस वर्षें पुरीं होतील. ज्या वयांत गंज आणि झीज वाढते, त्याच वयांत बाहेरचा डोळा निघून जाईल.

आपल्याकडे हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांनीं नवी करतां येते. पांच वर्षांत टायर झिजून जातो आणि ब्रेकाचें तेल दोन वेळां बदलावयास येतें. तेव्हां घरांत जुनी गाडी असेल, तर मुलाबाळांस मागें बसवून घाट उतरण्यापूर्वीं वर्षांतून एकदां आच्छादन व चाकें उतरवून ती ओळखीच्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावी. ब्रेकाचें तेल दोन वर्षांनीं बदलावें. टायरच्या कडेवरील चार आंकडे वाचून त्याचा जन्माचा आठवडा व साल पाहावें. आणि केलेल्या कामाची तारीख वहींत टिपून ठेवावी. पुढें गाडी विकण्याची वेळ आली, तर घेणाऱ्यासहि ती वही सरकारी कागदाहून अधिक कांहीं सांगेल.