तांबड्या पेशीच्या दाराशी एक मिनिट

पावसाळा सुरू झाला की थंडी वाजून ताप येणाऱ्यांची दवाखान्यात रांग लागते आणि डॉक्टर आधी हिवतापाची, म्हणजे मलेरियाची, चाचणी करायला सांगतात. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की हिवतापाचे परजीवी दिसतात ते तांबड्या पेशींच्या आत. अल्फोन्स लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १८८० मध्ये अल्जीरियात ते प्रथम ओळखले. पण चारी बाजूंनी बंद असलेल्या पेशीत हा जीव शिरतो कसा, हे कळायला पुढे जवळपास शंभर वर्षे लागली.

अ‍ॅनाफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून परजीवी शरीरात येतात आणि थेट यकृत गाठतात. तिथे आठवडाभरात एकाचे हजारो होतात. या काळात रुग्णाला काहीच जाणवत नाही. त्यानंतर ते रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशी शोधू लागतात. या अवस्थेतल्या परजीवीला मेरोझोइट म्हणतात. तो तांबड्या पेशीच्या साधारण एक पंचमांश आकाराचा असतो. पेशीबाहेर तो फार काळ टिकत नाही, शिवाय रक्तातली प्रतिपिंडे त्याला तिथे पकडू शकतात. म्हणून त्याला घाई असते. पेशी सापडली, की साधारण मिनिटभरात तो आत गेलेला असतो.

तो आधी पेशीला कुठूनही चिकटतो. मग वळून आपले निमुळते टोक पेशीला टेकवतो. या टोकात प्रथिनांनी भरलेल्या पिशव्या असतात. त्यातली काही प्रथिने तो पेशीच्या आवरणात रोवतो आणि त्यांनाच घट्ट धरतो. म्हणजे दाराला लावायची कडीही तो सोबत आणतो! नंतर आपल्या स्नायूंमध्ये असतात तशाच अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या बळावर तो स्वतःला आत ओढून घेतो. पेशीचे आवरण फाटत नाही. ते आत दबत जाते आणि परजीवीभोवती त्याची पिशवी तयार होते.

तांबड्या पेशीत केंद्रक नसते. ‘माझ्यात शत्रू शिरला आहे’ असा इशारा इतर पेशी देतात, तसा ती देऊ शकत नाही. त्यामुळे परजीवी आत निवांत हिमोग्लोबिन खातो. फॅल्सिपेरम प्रकारात सुमारे ४८ तासांत एकाचे १६ ते ३२ होतात, पेशी फुटते, रुग्णाला हुडहुडी भरून ताप चढतो आणि नवे मेरोझोइट नव्या पेशी शोधतात.

मात्र प्रत्येक प्रकाराची किल्ली वेगळी. व्हायवॅक्सला पेशीवर ‘डफी’ नावाचे प्रथिन लागते. १९७६ मध्ये लुई मिलर यांच्या चमूने अमेरिकेत स्वयंसेवकांना व्हायवॅक्सबाधित डास चावू दिले, तेव्हा पेशीवर डफी नसलेल्यांना लागण झाली नाही. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या पेशींवर डफी नसते आणि तिथे व्हायवॅक्स फारसा आढळत नाही. अलीकडे मात्र मादागास्कर, इथिओपियात डफी नसलेल्यांनाही तो झाल्याचे दिसले आहे. भारतीयांच्या पेशींवर ते सर्रास असते.

व्हायवॅक्स केवळ कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो. त्या रक्तात थोड्याच असतात, म्हणून परजीवींची संख्या मर्यादित राहते. फॅल्सिपेरमला कोणत्याही वयाची पेशी चालते, त्यामुळे तो झपाट्याने वाढतो. बाधित पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटल्या तर जिवावर बेतते. त्याच्याकडे किल्ल्याही अनेक. पण एका किल्लीवाचून त्याचे चालत नाही, हे २०११ मध्ये ब्रिटनच्या सँगर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. परजीवीचे ‘आरएच-५’ हे प्रथिन पेशीवरच्या ‘बेसिजिन’मध्ये बसते. ही जोडी तोडली, तर तपासलेल्या एकाही वाणाला आत शिरता येईना. (रक्तगटातल्या आरएचशी याचा संबंध नाही.)

आजच्या दोन्ही मान्यताप्राप्त लशी, म्हणजे ‘आरटीएस,एस’ आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी ‘आर-२१’, परजीवीला यकृतात पोहोचण्याआधी अडवतात. तिथून थोडे जरी निसटले, तरी रक्तात आजार सुरू होतो. म्हणूनच आरएच-५ वर बेतलेल्या लशीची बुर्किना फासोमध्ये लहान मुलांवर चाचणी झाली. तिसरा डोस लांबवून दिलेल्या मुलांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तिची परिणामकारकता सुमारे ५५ टक्के आढळली. दोन्ही ठिकाणी पहारा बसवता आला, तर संरक्षण वाढेल अशी आशा आहे.

तोवर हाती आहेत ते तपासणी आणि औषधे. ताप आला की रक्त तपासावे, कारण प्रकारानुसार उपचार बदलतात. गुंगी, झटके, धाप किंवा सतत उलट्या दिसल्या तर लगेच रुग्णालय गाठावे. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात दडून राहतात. क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप उतरला, तरी ते मरत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विन आपल्याकडे १४ दिवस देतात. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत, आणि ‘जी-६-पीडी’ची कमतरता असलेल्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. बरे वाटले म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या थांबवल्या, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तेच परजीवी पुन्हा रक्तात उतरू शकतात.