जेवता किती वाजता?

रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस घाईचा असतो. मुलगा बिलाच्या खिडकीपाशी उभा असतो, सून डबे आणि चादरी पिशवीत भरत असते, आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा घरचे कपडे घालून कॉटच्या कडेवर बसलेले असतात. डिस्चार्ज कार्डावर मधुमेहाची औषधे लिहिलेली आहेत. इन्सुलिन सकाळी इतके युनिट, रात्री इतके युनिट, जेवणापूर्वी अर्धा तास. डॉक्टरांनी सारे समजावून सांगितले आहे आणि सर्वांनी मान डोलावली आहे. अशा वेळी ते कार्ड हातात घेऊन एखादी जाणती परिचारिका विचारते, ‘‘आजोबा, रात्री जेवता किती वाजता?’’

‘‘रात्री? रात्री आम्ही जेवत नाही, सिस्टर.’’

या एका उत्तराने कार्डावरचा सगळा हिशेब बदलतो. रुग्णालयाच्या भाषेत ‘रात्री’ म्हणजे आठ-साडेआठ. दिवसातून दोनदा दिल्या जाणाऱ्या मिश्र इन्सुलिनचा एक भाग अर्ध्या तासात कामाला लागतो आणि दुसरा भाग पुढे कित्येक तास रेंगाळत काम करतो. पोटात अन्न येणार या भरवशावरच ते टोचलेले असते. आता आजोबांचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकलेले, आणि कार्डावर ‘रात्री’ लिहिले आहे म्हणून इंजेक्शन मात्र आठ वाजता घेतलेले. पुढे सकाळपर्यंत पोटात काहीच नाही. रक्तातील साखर मध्यरात्रीनंतर घसरू लागते, आणि तेव्हा सारे घर झोपलेले असते.

डॉक्टरांना हे आधी का सांगितले नाही, असा प्रश्न पडेल. पण आजोबांच्या दृष्टीने रात्रीभोजनत्याग हा काही आजार नव्हे; तो त्यांच्या आयुष्याचा साधा क्रम आहे. पन्नास वर्षे जो नियम पाळला, तो डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे हे त्यांच्या मनातही येत नाही. शिवाय पांढऱ्या कोटापुढे आपल्याकडचा मनुष्य अजूनही संकोचतो. डॉक्टरांची फेरी येते, चार प्रश्न विचारते आणि पुढच्या कॉटकडे सरकते. परिचारिका मात्र तिथेच असते. ती औषध देते, नाडी पाहते, चादर बदलते, आणि या कामांच्या अधूनमधून ‘‘घरी कोण कोण असतं?’’ असे सहज विचारते. वैद्यकीय फाईलमध्ये नसलेली कितीतरी माहिती याच वाटेने बाहेर येते.

हाती आलेल्या माहितीचे ती पुढे काय करते, हे अधिक महत्त्वाचे. इन्सुलिनची मात्रा स्वतःहून बदलणे हे तिचे काम नव्हे आणि चांगली परिचारिका ते कधी करणारही नाही. ती कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जाते. ‘‘सर, हे रात्री जेवत नाहीत. संध्याकाळच्या जेवणापासून सकाळपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. संध्याकाळचा डोस हाच ठेवायचा का?’’ एवढे तीन वाक्यांचे बोलणे. डॉक्टर मग वेळ अलीकडे आणतील, मात्रा कमी करतील किंवा इन्सुलिनचा प्रकारच बदलतील. परंतु त्याचा निर्णय लागल्याशिवाय कार्ड वॉर्डाबाहेर जाऊ न देणे, हे तिचे काम. लिहून झालेल्या हुकुमावर वरिष्ठांना पुन्हा प्रश्न विचारणे वाटते तितके सोपे नसते. त्यातून कधी बोलणीही खावी लागतात. तरीही ती विचारते.

यात ऋतूचा एक पेच आहे, तोही सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मुंबईत डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेर सव्वासातच्या पुढे. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास. त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी. म्हणजे हिवाळ्यात दोन आहारांमधील अंतर चौदा तासांच्या घरात जाते आणि उन्हाळ्यात ते साडेअकरा-बारा तासांवर येते. घड्याळाला बांधलेले इंजेक्शन आणि सूर्याला बांधलेले जेवण यांची सांगड वर्षभर एकाच वेळेने बसत नाही. म्हणून ‘सहा वाजता’ असे न लिहिता ‘संध्याकाळच्या जेवणापूर्वी’ असे लिहावे, हा बदल दिसायला क्षुल्लक, पण उपयोगाला मोठा.

मात्रा सावरली तरी एखाद्या रात्री साखर उतरू शकते, आणि घरच्यांची खरी परीक्षा तेव्हाच असते. दरदरून घाम, हातापायांना कंप, धडधड, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. वृद्धांमध्ये यातले असंबद्ध बोलणे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाते आणि मोलाचा वेळ जातो. साखर 70 च्या खाली आढळली, किंवा मोजण्याचे यंत्र हाताशी नाही पण लक्षणे स्पष्ट आहेत, तर चहाचे तीन चमचे साखर अथवा ग्लुकोज पाण्यात घालून ताबडतोब द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, सुधारणा नसेल तर पुन्हा द्यायचे. मनुष्य बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात थेंबही घालायचा नाही; कुशीवर वळवून थेट रुग्णालय गाठायचे.

पण चौविहार असताना मध्यरात्री साखरेचे पाणी? ज्यांना हा प्रश्न प्रथमच रात्री दोन वाजता पडतो, त्यांच्या घरात गोंधळ उडतो. थरथरत्या हाताने आजोबा पेला दूर सारतात, मुलगा ‘प्या’ म्हणतो, आजी रडू लागतात. समंजस परिचारिका हा प्रश्न दिवसाउजेडी, रुग्ण पूर्ण शुद्धीत असताना काढते. ‘‘असं झालं तर तुम्ही काय घ्याल? घरच्यांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं?’’ नियम मोडा असे ती सांगत नाही, आणि नियमाला हसतही नाही. ‘‘तुमच्या महाराजांना एकदा विचारून घ्या,’’ एवढेच सुचवते. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या पाठातच आगार असतात आणि त्यांत सर्वसमाधीचा आगार आहे, हे रोज पाठ म्हणणाऱ्या घरांनाही अनेकदा आठवावे लागते. गुरूंकडून आधीच खुलासा झालेला असला, की आजोबांच्या मनाला टोचणी राहत नाही आणि घरच्यांचा हात अडखळत नाही. इतर परंपरांतील श्रावकांनीही आपापल्या गुरुजनांशी हे बोलून ठेवलेले बरे.

ज्याला बोलता येते त्याच्या तोंडून माहिती काढता येते. ज्याला बोलताच येत नाही त्याच्या वतीने कोणी बोलायचे? मुंबईच्या केईएम रुग्णालयाने या प्रश्नासह बेचाळीस वर्षे काढली. तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातीलच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यात मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच बाहेर आल्या नाहीत. चार क्रमांकाच्या वॉर्डात परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही शय्याव्रण झाला नाही, असे रुग्णालयाने न्यायालयाला सांगितले. अंथरुणाला खिळलेला रुग्ण ज्यांनी घरी सांभाळला आहे, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या मुक्तीसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यामागेही करुणाच होती. पण परिचारिकांनी ठामपणे विरोध केला. आम्ही तिला सांभाळतो आणि पुढेही सांभाळू, ही त्यांची भूमिका. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालात न्यायालयाने काही अटींवर कृत्रिम उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली, हा भाग वेगळा आणि वादाचाही. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले. परिचारिकांची भूमिका कोणाला पटो वा न पटो, ती त्या रोजच्या सहवासातून आणि सेवेतून बोलत होत्या. त्यांच्या शब्दाला वजन होते ते यामुळे.

पुन्हा कार्ड हातात घेतलेल्या परिचारिकेकडे येऊ. तिचे शिकवण्याचे काम अजून उरले आहे, आणि शिकवायचे कोणाला इथपासूनच अनेक ठिकाणी चूक होते. सूचना दिल्या जातात त्या सही करणाऱ्या मुलाला. तो सकाळी नऊला दुकानात किंवा कचेरीत जातो. घरात स्वयंपाक करणारी, वेळा सांभाळणारी आणि बहुधा सुई टोचणारी असते ती सून, नाहीतर आजी. म्हणून परिचारिका पिशव्या बाजूला ठेवायला सांगून सूनबाईंना पुढे बोलावते. ‘‘समजलं का?’’ हा प्रश्न ती विचारत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘‘आता तुम्ही मला करून दाखवा,’’ असे ती म्हणते.

सूनबाई करून दाखवू लागल्या की खरे प्रश्न वर येतात. दुधाळ दिसणारे इन्सुलिन जोराने हलवायचे नाही, तळहातांमध्ये हलकेच घोळवायचे. टोचण्याची जागा रोज थोडी बदलायची. एकाच जागी टोचत राहिले तर गाठी होतात आणि तिथून औषध नीट शोषले जात नाही. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात. केरात टाकल्या तर कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसतात. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिन 40 आणि 100 अशा दोन तीव्रतांत मिळते. 40 च्या सिरिंजचे झाकण लाल, 100 च्या सिरिंजचे नारिंगी. पेनमधले 100 तीव्रतेचे औषध लाल झाकणाच्या सिरिंजने ओढले, तर दहा युनिट समजून पंचवीस युनिट टोचले जातील. पेन बिघडले म्हणून शेजारच्या घरची सिरिंज आणली, एवढ्यावरून हे घडू शकते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे परिचर्येवरील प्रसिद्ध पुस्तक 1859 च्या अखेरीस निघाले. ते परिचारिकांसाठीचे पाठ्यपुस्तक नव्हतेच. घरोघरी आजाऱ्याची उठबस करणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी त्यांनी ते लिहिले होते. रुग्णालयात चार दिवस आणि घरी चाळीस वर्षे, हा आजाराचा हिशेब त्यांना पुरता ठाऊक होता.

मग प्रत्येक वॉर्डात असे का होत नाही? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीला एखाद्या वॉर्डात ज्यांनी आपला माणूस ठेवला आहे, त्यांनी तिथे किती परिचारिका होत्या हे आठवून पाहावे. एका हाताने सलाईन बदलत दुसऱ्या हाताने घंटीला उत्तर देणाऱ्या बाईला कॉटशेजारी बसून ‘करून दाखवा’ म्हणायला दहा मिनिटे कोठून मिळणार? आपल्या समाजाने रुग्णालये बांधली, यंत्रे दान केली; वैयावृत्त्याला आपण अंतरंग तपात स्थान दिले. परिचारिकांच्या जागा भरण्यासाठी मात्र देणगीच्या पाट्या फारशा दिसत नाहीत.

तोवर नातेवाइकांनीच थोडी हिंमत करावी. घरी कोण काय खाते, केव्हा खाते, कोणता नियम आहे, सुई कोण टोचणार, चष्म्याशिवाय आकडे दिसतात का, महिन्याच्या औषधांचा खर्च झेपेल का, हे कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. डॉक्टरांपुढे जीभ अडखळत असेल तर सिस्टरांना सांगावे. त्या ते योग्य जागी पोहोचवतात.

एव्हाना सूनबाईंनी दोनदा सिरिंज भरून दाखवलेली असते. कार्डावरचे ‘रात्री’ खोडून डॉक्टरांनी नवी मात्रा आणि नवी वेळ लिहून सही केलेली असते. मुलगा पावती घेऊन परततो, व्हीलचेअर येते, आणि इतका वेळ गप्प असलेले आजोबा विचारतात, ‘‘सिस्टर, पर्युषणात उपवास करायचा असेल तर?’’

‘‘निर्णय तुमचा,’’ ती म्हणते, ‘‘पण आपल्या मनानं सुई बंद करू नका, आणि जेवण नसताना रोजच्याइतकी घेऊही नका. गोळ्यांतल्याही काहींनी उपाशीपोटी साखर फार उतरते. पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी या. डॉक्टरांशी बसून ठरवू. आणि येताना सूनबाईंना घेऊन या.’’