‘बोहेमियन रॅप्सडी’ : एका तबकडीची नोंद

ही तबकडी म्हणजे एक सिंगल. त्या काळी सिंगल म्हणजे काय? सात इंच व्यासाची, मिनिटास ४५ फेरे घेणारी तबकडी. दर्शनी बाजूस मुख्य गीत, पाठीमागे दुय्यम.

कर्ता : फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा; जन्म १९४६, झांझिबार. पारशी कुटुंबातील या मुलाचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. पियानोचे पाठही तेथलेच.

रचना : प्रचलित अर्थाचे ध्रुपद या गीतात नाहीच. पियानोच्या साथीचे संथ गायन, त्यामागून गिटारवादन, मग ऑपेराच्या धर्तीचा समूहस्वर, पुढे उग्र रॉक आणि अखेर पुनश्च शांत लय, असा हा विलक्षण क्रम आहे. ज्या भागात मोठा गायकवृंद गात असल्याचा भास होतो, तेथे वस्तुतः मर्क्युरी आणि त्यांचे बँडमधील सहकारी ब्रायन मे व रॉजर टेलर या तिघांचेच आवाज २४ पट्ट्यांच्या ध्वनिफितीवर पुनःपुन्हा मुद्रित करून थरांवर थर चढविलेले आहेत.

प्रकाशन : ३१ ऑक्टोबर १९७५, ईएमआय कंपनी. सुमारे तीन मिनिटांच्या गीतांचाच नभोवाणीवर रिवाज असताना ५ मिनिटे ५५ सेकंदांची ही रचना कोण वाजविणार, अशी शंका घेतली जात होती. तथापि निवेदक केनी एव्हरेट यांनी लंडनच्या कॅपिटल रेडिओवरून, रीतसर प्रकाशनापूर्वीच, ती वारंवार ऐकविली.

क्रमांक : ब्रिटनमधील सिंगल्सच्या क्रमवारीत सलग ९ आठवडे प्रथम. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी यांचे निधन झाल्यानंतर पुनःप्रकाशन. पुन्हा प्रथम, ५ आठवडे.