पाचवीची रात्र आणि सुईणीचा विळा

माझी आजी गावची सुईण होती. आम्ही मांगवाड्यातले. पाटलाची सून अडली की रात्री-अपरात्री बोलावणे यायचे. एरवी जिच्या सावलीचा विटाळ, तिचा हात त्या रात्री चाले. मूल झाले की घर शिंपून शुद्ध होई आणि आजी उंबऱ्याबाहेर.

ही गावगाड्याची जुनी रीत. बारा बलुत्यांच्या प्रचलित यादीत मांग आहे, तो दोरखंडासाठी, सुईण नाही. म्हणजे तिच्या कामाला हक्क नाही. पसाभर दाणे, जुने लुगडे, एवढेच. आणि तिचे स्वतःचे बाळंतपण? मांग-महारांच्या बायका छपराविना बाळंत होतात, हे मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त लिहून ठेवले आहे.

सुईणीची विद्या सगळीच टाकाऊ नव्हती. उकिडवे बसवून कळा द्यायला लावणे आजचे वैद्यकही चुकीचे मानत नाही. अळिवात लोह असते. पण नाळ कापायची विळ्याने, आणि बेंबीला लावायची शेणामातीत पडलेली राख. पाचव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून पूजा मांडून दिवा जागवायचा. बाळ दूध ओढेना, अंग ताठले, की सटवाईने नेले म्हणायचे.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नाळेच्या जखमेतून ते शिरले की बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात रोग दिसतो. पाचवी नेमकी त्यातच येते. लोकांनी मरणाची वेळ बरोबर हेरली होती. कारण मात्र देवीच्या माथी मारले. आईला लस, उकळलेला दोरा, नवे पाते एवढ्याने हे मरण टळते. तरी नवजात धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडले.

आजीची दोन लेकरे आठवडाभरात गेली होती. मी शिकल्यावर तिला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजी माझ्याच हातानं गेली व्हय रं?"

तेव्हा मला बोलता आले नाही. आज म्हणतो : नाही, आजी. विळा तुझ्या हातात होता, पण अक्षर तुझ्या हाती लागू दिले नव्हते. जंतूचा शोध एकोणिसाव्या शतकातच लागला. तो आपल्या वाड्यापर्यंत कुणी आणला नाही. सुईणीला अडाणी म्हणून हसणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी एवढे विचारावे, की तिला अडाणी ठेवले कोणी?