वासरू धरताना जोर कुठे चुकतो

वासरू धरायचं म्हणजे जोर लावायचा, ही समजूत गोठ्यांत इतकी मुरली आहे की कानात बिल्ला मारायचा म्हटलं की एक जण शेपूट धरतो, दुसरा कान, आणि तिसरा मागून ढकलतो. संकरित होल्स्टिन वासरू जन्मतः 30 किलोच्या आसपास भरतं, म्हणून सुरुवातीला हे चालूनही जातं. पण वासराला आवरतो तो जोर नव्हे, बंद झालेली वाट. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांना जवळजवळ चौफेर दिसतं. शेपटीमागची चिंचोळी पट्टी तेवढी दिसत नाही, आणि नेमकं तिथूनच आपण झडप घालतो. खांद्याच्या बाजूने सावकाश जावं, वासराची कूस भिंतीला लावावी, एक हात मानेखालून छातीपुढे आणि दुसरा मांड्यांमागे घ्यावा. पुढची आणि मागची वाट अशी एकदम मिटली की बहुतेक वासरं थोड्या धडपडीनंतर थांबतात. त्या धडपडीत आवळत सुटण्यापेक्षा हात आहेत तिथेच स्थिर ठेवणं महत्त्वाचं.

शेपूट पिरगळली की वासरू पुढे जातं हे खरं, पण ते वेदनेने जातं. शेपटीत थेट मणके असतात, ते निखळतात, मोडतात. त्या शेपटीला मग माश्याही वारता येत नाहीत. गळ्यातल्या दाव्याचंही तसंच. सरकफास घालून बांधलेलं वासरू मागे ओढ घेतं तेव्हा फास आवळतो, श्वास कोंडतो, घाबरून ते आणखी ओढतं. म्होरकीत ओढ चेहऱ्याच्या हाडांवर येते, गळा मोकळा राहतो. दोर आखूड असावा आणि गाठ एका हिसक्यात सुटणारी.

सगळ्यात घातक गैरसमज औषध पाजण्याचा आहे. तोंड आभाळाकडे करून, जीभ बाहेर ओढून नळीने ओतलं की औषध पूर्ण पोटात जातं, असं मानतात. जीभ ओढलेली असताना गिळताच येत नाही. मान ताणलेली असली की द्रव श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो आणि फुप्फुसाला सूज येते. ‘आम्ही कायम असंच पाजतो, काही होत नाही’ हे उत्तर मिळतं. दर वेळी होत नाही, बरोबर. पण चार दिवसांनी धाप लागलेलं वासरू दगावतं तेव्हा त्याचा दोष थंडीला दिला जातो, नळीला नाही. नाकपुडी डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर जाऊ न देता, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं, घोट गिळू देत पाजावं. खोकला आला की डोकं लगेच खाली सोडावं.

इतका वेळ कुणाला आहे, हा आक्षेप रास्त आहे, मजूर मिळत नाहीत तिथे तर फारच. मात्र हिशेब पुढचाही करावा. ब्रुसेला प्रतिबंधाची एस-19 लस कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात एकदा देतात. तोवर कालवड माणसाला ओढून नेण्याइतकी झालेली असते, आणि ही लस जिवंत जंतूंची आहे. हिसक्यात सुई टोचणाऱ्याच्या बोटात गेली तर त्याला आजार होऊ शकतो. पहिल्या आठवड्यापासून रोज दोन मिनिटं अंगावर हात फिरलेली, म्होरकीची सवय झालेली कालवड त्या दिवशी सहज उभी राहते. पुढे वेतानंतर हीच सवय धारेला उपयोगी पडते, कारण घाबरलेल्या गाईत अॅड्रेनलिन वाढतं आणि पान्हा आखडतो.

लाड केले की जनावर डोक्यावर बसतं, असंही म्हणतात. यात तथ्य आहे, पण थोडंच. कपाळ चोळत खेळवलेला गोऱ्हा ढुशी मारायला शिकतो, आणि दोन वर्षांनी तीच ढुशी माणसाच्या बरगड्या मोडते. म्हणून हात कपाळावर नको. गळ्याखालची पोळी आणि मानेचा वरचा भाग खाजवावा. तिथे वासरू मान लांबवून स्वतःहून थांबतं.