तरतूद केली म्हणजे वजावट मिळाली?

नागरी सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत हमखास येणारा प्रश्न : अहवालात नफा एवढा, मग प्राप्तिकर त्याहून मोठ्या रकमेवर कसा? चूक हिशेबनिसाची नसते. ताळेबंदातला नफा आणि करपात्र उत्पन्न ही दोन वेगळी गणितं आहेत. (पुढचे कलम-क्रमांक १९६१च्या कायद्यातले.)

‘सहकारी बँकेला करच नसतो,’ हा समज २००७-०८ या आकारणी वर्षापासूनच कालबाह्य झाला. कलम ८०पीची सूट प्राथमिक कृषी पतसंस्थांना उरली, नागरी बँकांची गेली.

सर्वाधिक गोंधळ शिल्लक रजेच्या पगाराबाबत दिसतो. कर्मचारी रजा कमावतो त्याच वर्षी हिशेबात तरतूद करावी लागते, आणि ते योग्यच आहे. देणं निश्चित असतं, फक्त द्यायची वेळ पुढची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली भारत अर्थ मूव्हर्स प्रकरणात हेच मान्य करून वजावट दिली. तोच निकाल आजही दाखवला जातो. पण संसदेने २००१च्या वित्त कायद्याने कलम ४३बीमध्ये खंड ‘एफ’ घातला : पैसे प्रत्यक्ष दिले तरच वजावट. कोलकाता उच्च न्यायालयाने २००७मध्ये तो रद्द ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०मध्ये वैध ठरवला. तेव्हा वाद मिटला आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत दिलेली रक्कम त्याच वर्षी चालते. बाकीची वजावट बुडत नाही, पैसे देण्याच्या वर्षी मिळते.

ग्रॅच्युइटीलाही नुसती तरतूद पुरत नाही. मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी फंडात पैसे भरले, तर वजावट मिळते. कर्मचाऱ्यांचे पैसेही त्यात सुरक्षित राहतात, म्हणून संचालकांनी हाच मार्ग धरावा असं मला ठामपणे वाटतं.

बुडीत कर्जांच्या तरतुदीला मर्यादा आहे : एकूण उत्पन्नाच्या ८.५ टक्के, अधिक ग्रामीण शाखांच्या सरासरी कर्जांच्या १० टक्के. ग्रामीण म्हणजे मागच्या जनगणनेनुसार १० हजारांपर्यंत लोकसंख्येचं गाव. सगळ्या शाखा शहरात असलेल्या बँकेला दुसरा भाग मिळत नाही.

उलटा गैरसमज थकीत कर्जावरच्या व्याजाचा. न आलेल्या व्याजावरही कर लागतो, असं अनेक संचालक धरून चालतात. कलम ४३डीनुसार संशयित व बुडीत कर्जांवरचं असं व्याज नफा-तोटा पत्रकात जमा धरलं किंवा हाती आलं, यातलं जे आधी घडेल त्या वर्षीच करपात्र होतं. सहकारी बँकांना हे २०१८-१९ या आकारणी वर्षापासून लागू झालं. त्याआधीच, २०१५मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने देवगिरी नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात असाच दिलासा दिला होता.